कोरा तुकडा सडलाच पाहिजे

आयुष्यातली एकोणीस वर्षं मी लाकडं सडवली. चोरून नाही, उघडपणे, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून. बारामतीच्या एमआयडीसीत लाकडाला लावायची औषधं बनवणारी एक मध्यम कंपनी होती, तिच्या प्रयोगशाळेत मी कामाला होतो. बाकीचे लोक औषध बनवायचे, विकायचे, त्याचे गोडवे गायचे. मी ते औषध लाकडाला लावून, लाकडाचे जमतील तितके हाल करून, ते कधी मरतं ते बघायचो. इंदापूर तालुक्यातल्या कळसला आमचं परीक्षणाचं शेड होतं. तिथं मला ‘सडकेसाहेब’ म्हणत. तोंडावर म्हणत. मी ओ देत असे.

या धंद्यानं माणूस बिघडतो. लग्नाला गेलं की लोक नवरानवरीकडे बघतात, मी मांडवाच्या खांबाकडे. माझ्या खिशात कायम चांभाराकडे असते तशी एक आरी असते. लाकूड दिसलं की टोचायचं. सडकं लाकूड आरी गिळतं, चांगलं लाकूड ती परत करतं. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा पोहे येईपर्यंत काय करायचं म्हणून मी दाराची चौकट टोचली आणि भावी सासऱ्यांना म्हणालो, “ही आतून गेलीय. दोन पावसाळे फार तर.” लग्न मोडता मोडता राहिलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर, ऐन दसऱ्याला, तोरण बांधताना चौकट सासऱ्यांच्या हातात आली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत गोड सणाची आठवण आहे. बायको त्यावर अजून हसत नाही.

तर आधी धंदा समजून घ्या, मग पुढचं सांगतो. पुढचं इतकं हसण्यासारखं नाही.

लाकूड पाण्यानं सडतं असं बहुतेकांना वाटतं. चूक. विहिरीच्या तळाला वर्षानुवर्षं बुडालेला वासा काढून बघा, टणक निघतो. लाकूड सडवते ती बुरशी. तिला चार गोष्टी लागतात: खायला लाकूड, श्वासाला हवा, ऊब आणि ओल. पाण्यात बुडालेल्या वाशाला हवा नाही म्हणून तो वाचतो, घरातल्या पाटाला ओल नाही म्हणून तो वाचतो. बुरशीच्याही जाती असतात. एक तपकिरी, ती लाकडाच्या वड्या पाडते, अगदी चौकोनी, सुगरणीनं सुरीनं पाडाव्यात तशा. दुसरी पांढरी, ती लाकडाचे धागे सोडवते आणि हातात येतं ते उसाच्या चिपाडासारखं. दोन्ही मला सुंदर वाटतात. माझी अडचण तीच आहे.

जमिनीत पुरलेला खांब सडतो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तो लोक डांबरात बुडवतात. पण जमिनीच्या वरचं लाकूड, म्हणजे खिडक्या, कठडे, सज्जे, जिने, ते पावसात भिजलं तरी उन्हात वाळतं, त्याला काय धाड भरलीय, असा समज असतो. ते वाळतं हे खरं. फक्त जोड वाळत नाही. सुतार एका लाकडाला जीभ काढतो, त्याला कुसू म्हणतात, आणि ती दुसऱ्या लाकडाच्या खाचेत ठोकून बसवतो. दोहोंमध्ये केसाएवढी फट राहते. पाणी आत जातं आणि बाहेर यायची वाट विसरतं. वरचा रंग नव्यासारखा चकचकीत आणि आत मेजवानी चाललेली.

म्हणून आमची परीक्षा जोडाची असे. खिडकीच्या कोपऱ्यासारखे जोड करायचे, रंगवायचे, मग तो रंग जोडावर मुद्दाम फोडायचा आणि कमरेएवढ्या उंचीच्या मांडणीवर ते उघड्यावर ठेवून द्यायचे. निम्म्या तुकड्यांना औषध लावायचं, निम्मे तसेच सोडायचे. त्यांना आम्ही कोरे म्हणायचो. दर सहा महिन्यांनी जाऊन टोचायचं, ठोकून आवाज ऐकायचा आणि वहीत गुण लिहायचे. दहा म्हणजे धडधाकट, शून्य म्हणजे हातात घेतल्यावर पडला.

आणि या साऱ्या विद्येत एकच धर्म आहे: कोरा तुकडा सडलाच पाहिजे. तो सडला तरच कळतं की बुरशी आली होती, ओल होती, लढाई झाली होती. कोरा शाबूत असेल तर औषध लावलेला तुकडा शाबूत राहण्याला काही अर्थ नाही. शत्रू गावात आलाच नव्हता. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मीही पुढे नव्या पोरांना हेच शिकवलं, छाती काढून.

आता तुम्ही विचाराल, इंदापूरसारख्या कोरड्या तालुक्यात लाकूड सडवायला कोण जातं? आम्ही. कारण मालकांच्या मेव्हण्याचं कळसला एक पॉलिहाऊस होतं, जरबेराच्या फुलांचा धंदा बसल्यावर रिकामं पडलेलं. वरचा प्लास्टिकचा कागद फाटला होता, पण आतले फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक फवारे, चांगले होते. कोकणातला पाऊस आम्ही नळानं पाडायचं ठरवलं. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. व्हॉल्व्ह उघडायला आणि बंद करायला शेजारच्या कमळामावशींना नेमलं. पहिल्या दिवशी मावशी मांडणीभोवती एक फेरी मारून आल्या.

“साहेब, ह्ये लाकूड उगवणार हाय का?”

“नाही मावशी. हे मेलेलं आहे.”

“मग पाणी कशाला?”

“सडवायला.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“आन् सडल्यावर?”

“सडल्यावर आनंद.”

मावशींनी पदर तोंडाला लावला आणि दावणीच्या शेळीकडे बघून म्हणाल्या, “बघ गं बाई, शिकल्याली माणसं.”

बरीच वर्षं ते शेड झकास चाललं. तिथंच मला निमगाव केतकीचे आबा भेटले. डाळिंबाचे मोठे बागायतदार, डोक्यावर पांढरी टोपी, हातात दोन फोन. मळ्यावर कृषी पर्यटन केंद्र काढायच्या तयारीत होते. एक दिवस टेम्पोतून नवंकोरं दार घेऊन शेडवर हजर.

“सडकेसाहेब तुमीच का? ह्ये दार जुनं करून द्या.”

“आबा, लोक माझ्याकडे लाकूड टिकवायला येतात.”

“त्ये खुळं हायेत. पुण्याची लोकं जुनं दार बगून फोटू काढत्यात. नव्या दारापुढं कोण उभं राहतंय? अर्धं सडवा. पुरं नगा सडवू, पडलं तर पावण्याच्या अंगावर पडंल.”

मी ते दार फॉगरखाली ठेवलं आणि एखाद्या मुरांब्याची काळजी घ्यावी तशी घेतली. सव्वा वर्षानं आबा येऊन बघतात तर दाराला शेवाळ, भेगा, एका कोपऱ्यात चिमुकल्या छत्र्या उगवलेल्या. आबांनी मला मिठी मारली. माझ्या नोकरीत पूर्ण समाधानी झालेला ग्राहक एकच, आणि तोही मी सडवून दिल्यामुळे.

त्यानंतर आमच्या कंपनीनं नवं औषध काढलं. जुनं औषध चांगलं होतं पण लाकूड हिरवट करायचं. बंगलेवाल्यांना हिरवा कठडा नको असतो. नवं औषध बिनरंगाचं, बिनवासाचं, ब्रशनं लावायचं. त्यात खोट एकच: तो पाण्यात विरघळणारा क्षार होता. जोडात पाणी मुरत राहिलं तर ते हळूहळू धुऊन जाण्याची भीती. म्हणजे या औषधाचा शत्रू एकच, पाणी, आणि त्याची परीक्षा घ्यायची ती पाण्यानंच. जोड मांडणीवर चढवले, कोऱ्यांना शिक्के मारले, मावशींना सांगितलं, “या खेपेला एक दिवस चुकवायचा नाही.” मावशी म्हणाल्या, “न्हाय चुकत.”

नेमकी ती सालं पाण्याची कठीण गेली. मी सहा महिन्यांनी एकदा, आधी फोन करून जायचो. शेड ओलंचिंब असायचं. निघताना मावशी पिशवी भरून द्यायच्या: वांगी, गवार, दोडके. सगळा माळ करपलेला असताना ही हिरवीगार वांगी आली कुठून, हा प्रश्न मला, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला, एकदाही पडला नाही. भरली वांगी फार छान व्हायची.

पहिली दोन वर्षं कोऱ्यांनाही दहाच गुण पडले होते; बुरशीला वेळ लागतो, असं म्हणून मी पुढं गेलो होतो. तिसऱ्या वर्षी मी टोचायला गेलो. औषध लावलेले जोड टणटणीत. मी खूश झालो. मग कोऱ्यांकडे वळलो. पहिल्या कोऱ्यानं आरी परत केली. दुसऱ्यानंही. मी सगळे कोरे उलटेपालटे करून ठोकले, आणि प्रत्येकानं मला ठण्ण असं उत्तर दिलं. तीन वर्षं फॉगरखाली ठेवलेलं, औषधाचा थेंब न लागलेलं लाकूड सुताराच्या दुकानातून आत्ताच आणल्यासारखं. मी आरी खिशात टाकली. कारण मला माहीत होतं. का झालं ते माहीत नव्हतं, पण काय झालं ते माहीत होतं. परीक्षा झालीच नव्हती.

मालकांना सांगितलं.

“कोरे पण टिकले?” मालक म्हणाले. “मग उत्तमच की. लाकूडच चांगलं निघालं.”

“तसं नाही साहेब. कोरे टिकले म्हणजे निकालच लागला नाही. पुन्हा मांडायला हवं. अजून तीन वर्षं.”

“तीन वर्षं? अहो, डब्याची डिझाइन्स छापून आली. औषध लावलेले तुकडे चांगले आहेत की नाहीत?”

“आहेत.”

“मग तेवढंच लिहा. जे आहे ते लिहायला काय हरकत आहे?”

मी लिहिलं. ‘तीन वर्षांच्या निरीक्षणानंतर औषध लावलेले सर्व जोड निर्दोष आढळले.’ कोऱ्यांचा रकाना मी तक्त्यातून काढून टाकला. तक्ता त्यामुळे सुटसुटीत दिसायला लागला. खाली सही केली. माझी सही तशी देखणी आहे, शेवटी एक झोकदार वळण आहे. ते वळण त्या दिवशीही मी सोडलं नाही.

इथं तात्या येतात. बबनतात्या वालचंदनगरला पॅटर्नमेकर होते. यंत्राचा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा कारागीर. केसाचा फरक पडला तर अख्खं ओतकाम वाया जातं, त्यामुळे या लोकांची नजर वेगळीच असते. निवृत्त होऊन ते निमगाव केतकीला आपल्या गावी आले आणि दारं-खिडक्या करायला लागले. आबांनी पाहुण्यांच्या खोल्यांपुढे पहिल्या मजल्यावर लाकडी सज्जा करायचं काम त्यांना दिलं. तात्या म्हणत होते साग घ्या. आबांच्या मनात बांधावरची निलगिरी होती, आणि तिला आमचं नवं औषध. आबांनी मला बोलावलं.

तात्या रंधा मारत होते. मी अहवालाची प्रत पुढं केली. त्यांनी ती हातात घेतली नाही.

“साहेब, कुसू ठोकल्यावर आत ब्रश जात न्हाय. म्या आदी कुसवाला, खाचंला समद्याला दोनदा लावून मग बसवीन. पर पुढं आत काय व्हतं त्ये मला दिसणार न्हाय. त्ये तुमालाच ठावं.”

“अहवालात आहे तात्या. तीन वर्षं...”

“कागद ऱ्हाऊ द्या. कागद म्या लय बगितले. तुमी सांगा. तुमच्या तोंडानं. टिकंल का?”

आबा बघत होते. तात्यांच्या भुवईवर भुसा बसला होता.

“टिकेल तात्या,” मी म्हणालो.

“मग झालं,” असं म्हणून त्यांनी पेन्सिल कानाला लावली आणि रंधा पुढं ढकलला.

सज्जा सुंदर झाला. जोडात पोस्टकार्डाची कड जाणार नाही असं काम. मी त्यावर उभा राहून चहा प्यायलो आणि खाली डाळिंबाच्या बागेकडे बघत पाहुण्यांना लाकडाबद्दल विनोद सांगितले.

पुढच्या वर्षी एकदा इंदापूरहून परतताना, फोन न करता, सहज म्हणून मी कळसला वळलो. शेड कोरडं ठणठणीत. मांडणीवर धूळ. फॉगरच्या मुख्य नळीला एक काळी नळी जोडलेली, ती फाटक्या कागदातून बाहेर, कुंपणाखालून पलीकडे. मी तिच्या मागं मागं गेलो आणि वांग्यांच्या वाफ्यात पोचलो. मावशी खुरपत होत्या.

“अगं बया! साहेब, सांगून यायचं की!”

“मावशी, हे कधीपासून?”

“आमची हीर आटली तवापास्नं. तुमच्या बोअरला तेवढं पाणी हुतं.” त्या उठून उभ्या राहिल्या. लपवाछपवी काही नव्हती. “तुमी येणार म्हणला की तितं सोडायची की मी! तुमाला बरं वाटावं म्हणून. पर रोज? साहेब, माणसं टँकरच्या मागं घागरी घिऊन पळत हुती. आन् मी हितं मेल्याला पाणी पाजायचं आन् जित्याला वाळवायचं? कुटल्या देवाला चाललं असतं त्ये?”

एकोणीस वर्षांत मला कुणी इतकं बिनतोड उत्तर दिलं नव्हतं. त्यात त्यांची वांगी माझ्या पोटात होती.

मावशींच्या बाजूनं मी आजही उभा राहीन. त्यांच्या घरात, त्यांच्या गावात, दुष्काळात लाकडावर पाणी शिंपडणारा माणूस वेडा किंवा पापी. चूक माझी. पावसाळ्यात चिखल असतो म्हणून, उन्हाळ्यात ऊन असतं म्हणून, मी कधी अचानक गेलो नाही. बुरशीवर विश्वास ठेवू नये हे मला कळत होतं, स्वतःच्या फोनवर ठेवू नये हे कळलं नाही.

मी नव्यानं जोड मांडले. पाण्याची वेगळी टाकी बसवली, तिला आपोआप चालू-बंद होणारं यंत्र लावलं. दोन पावसाळ्यांत कोरे गेले, वड्या वड्या होऊन. आणि त्यांच्या मागोमाग औषध लावलेलेही गेले. आरी मुठीपर्यंत आत गेली. आतलं लाकूड चिपाड झालं होतं. पाण्यानं औषध धुऊन नेलं होतं, जशी भीती होती अगदी तसंच. मी वहीत गुण लिहिले आणि मालकांपुढे वही ठेवली.

“पुढच्या मालात प्रमाण वाढवू,” मालक म्हणाले.

“आणि जिथं आधीच लावलंय तिथं?”

“कुणाची तक्रार आलीय?”

“नाही.”

“मग?”

मग काही नाही. मी वही उचलली आणि बाहेर आलो.

त्या काळात निमगाववरून जाताना रस्त्यावरून आबांचा सज्जा दिसायचा. कठड्यावर पांढऱ्या चादरी वाळत टाकलेल्या असायच्या. रोज सकाळी, पाहुण्यांच्या खोल्यांतल्या, धुतलेल्या, निथळत्या चादरी. पाणी कठड्यावरून जोडात, रोज, अर्धा तास. मी कळसला जे नळानं करत होतो तेच आबांकडे चादरी करत होत्या. मी गाडीचा वेग कमी करायचो. आज वळू, तात्यांना एकदा सांगू, असं मनात म्हणायचो. आणि तात्या पेन्सिल कानाला लावून विचारतील, “तुमीच म्हणला हुता ना?” हे डोळ्यापुढं आलं की पुन्हा गिअर टाकायचो. मी भित्रा नाही असं मला वाटायचं. मी फक्त योग्य वेळ बघत होतो.

सुनंदा ही आबांकडे खोल्यांची झाडलोट करायची. एका सकाळी ती चादर झटकायला कठड्यावरून वाकली आणि कठडा तिच्यासकट खाली गेला. खाली फरशी होती. जीव वाचला. उजवा खांदा आणि मनगट चुरा झालं. दवाखान्याचं सगळं आबांनी केलं, पण तो हात आता खांद्याच्या वर जात नाही.

कंपनीनं मला पाहणीला पाठवलं. सज्ज्याखाली गावातली दहा-पंधरा माणसं जमली होती. तात्या एका बाजूला उभे होते, हातात कठड्याचा तुटका तुकडा. आबांनी सगळ्यांसमोर विचारलं,

“साहेब, तुमी जाणकार हाय. चूक कुनाची?”

मी तुकडा बघितलाही नाही. बघायची गरज नव्हती. मी म्हणालो, “जोडात पाणी साचत राहिलं. त्यामुळं आतून सडलं.”

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. तुम्ही तपासून बघा. मी बऱ्याच वेळा तपासलंय.

जमलेल्यातलं कुणीतरी म्हणालं, “म्हंजी जोडच कच्चा.” मी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणालो नाही. सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ नाही, लाकडावर रेघ मारण्याआधी बघतात तेवढंच. मग ते गेले. तो तुकडा हातातच होता.

गावात म्हणायला लागले, म्हाताऱ्याचा हात गेला आता. ठरलेली दारं-खिडक्यांची कामं एकेक करून दुसरीकडे गेली. आबांनी लोखंडी कठडा बसवला. आमच्या मालकांनी लाकडाचा विभाग बंद केला, शेड मेव्हण्याला परत दिलं आणि गंज धरू नये म्हणून लोखंडाला लावायचा रंग काढला. मला त्याच्या विक्रीवर घेतलं. आबांचा लोखंडी कठडा आमच्याच रंगानं रंगलाय. हसा, मीही तेव्हा हसलो होतो.

यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीला निमगावच्या बाजाराच्या दिवशी मी रंगाची ऑर्डर घ्यायला एका दुकानात गेलो होतो. बाहेर पडलो तर समोर तात्या, भाजीची पिशवी घेऊन. वाळले होते.

“काय साहेब, आता लोखंडाची बी परीक्षा घेता का?”

“नाही तात्या. आता नुसतं विकतो.”

“बरं हाय. लोखंड काय बोलत न्हाय.”

मला कळेना कुठून सुरू करावं, म्हणून शेवटापासून केलं. दुकानाच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं: वर्षभर गाडीचा वेग कमी करून पुढे जाणं, दुसऱ्यांदा मांडलेले जोड, वांगी, काढून टाकलेला रकाना आणि कोरे. तात्यांनी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन सगळं ऐकलं. मी थांबल्यावर म्हणाले, “घरी चला.”

घरी त्यांनी खाटेखालून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. कठड्याचा तोच तुकडा. त्यांनी तो पटाशीनं मधोमध चिरून ठेवला होता. वरची साल दोन पोस्टकार्डं जाड, चांगली. आत चिपाड. आणि खाचेत त्यांचा कुसू अजून तसाच गच्च बसलेला.

“हलवून बगा,” तात्या म्हणाले.

मी हलवला. हलला नाही.

“जोड सुटला न्हाय साहेब. लाकूड तुटलं. जोडाच्या बोटभर पलीकडं. म्या त्याच दिशी बगितलं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तुमी बोलाल म्हणून.” त्यांनी फडकं पुन्हा गुंडाळलं. “त्या दिशी न्हाय तर दुसऱ्या दिशी बोलाल. मग म्हणलं, बाजाराच्या दिशी बोलाल. मग वाट बगायची सोडून दिली. माजं कोण ऐकणार हुतं? कागद तुमच्याकडं.”

“आता मी काय करू, तात्या? आबांना सांगतो. आत्ता जातो.”

“आबाला मागनं सांगा. आबाचं काय गेलं?” ते उठले, चपला पायात घातल्या. “ती पोरगी माज्याकडं बगत न्हाय. रस्त्यानं आली तर पलीकडनं जाती. तिला वाटतंय, ह्या हातानं तिचा हात गेला. आमी एका गल्लीत ऱ्हातो साहेब. चला.”

गल्लीत चार घरं सोडून सुनंदाचं घर. ती उंबऱ्यात बसून डाव्या हातानं शेंगा सोलत होती. तात्यांना बघून तिचा हात थांबला. ती उठली नाही, पण आत सरकून जागा केली. आम्ही घोंगडीवर बसलो.

मी सांगितलं. या वेळी सुरुवातीपासून, आणि सोपं करून. तात्यांचं काम चोख होतं. औषध वाईट होतं. ते वाईट आहे हे मला माहीत होतं. तुम्ही पडायच्या आधी माहीत होतं. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर मी अर्धंच बोललो.

सुनंदानं मांडीवरच्या शेंगा बाजूला केल्या.

“किती आदी म्हाईत हुतं?”

“एक वर्ष. थोडं जास्त.”

“तुमी त्या वाटेनं जायचा?”

“हो.”

“मी दिसायची?”

“चादरी दिसायच्या.”

तिनं मान हलवली. मग ती तात्यांकडे वळून बघायला लागली आणि बघत राहिली. तात्या जमिनीकडे बघत होते. ती उठली, पदर खोचला आणि आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, अडखळत, एका हातानं. मग दुधाचा वास आला.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. डाव्या हातात एकच कप होता. तो तिनं तात्यांपुढं ठेवला, कपाचा कान त्यांच्या हाताकडे फिरवला आणि उंबऱ्यात बसून पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

तात्यांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारून, घोट घोट करत, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मी समोर बसून होतो.